माथेरान : पॉईंट मोजू नका, सावलीतून चाला

आईला घेऊन जंगलात चालायचं होतं, गुडघे दुखतात म्हणून गडबिड शक्यच नव्हता, म्हणून माथेरान. दस्तुरी नाक्याच्या, म्हणजे माथेरानच्या वेशीच्या, पुढे खासगी गाड्या बंद असल्यामुळे तिथून जे चालणं सुरू होतं ते चांगली झाडी असलेल्या सपाट रस्त्यानं, चढ म्हणावा असा फारसा नाहीच. नेरळला लोकलनं उतरून शेअर टॅक्सीनं दस्तुरी गाठली, नाक्यावर प्रवेश कर भरला आणि लगेच निघालो.

बाजारापर्यंत घोड्यांचा रस्ता आहे आणि मिनी ट्रेनच्या रुळाच्या कडेनंही लोक चालतात. रुळाची बाजू जास्त शांत, पण अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्टेशन) ते माथेरान अशी शटल गाडी चालू असते, तेव्हा हॉर्न कानावर पडला की लगेच बाजूला व्हा, कानात इअरफोन नकोच. साधारण अडीच-तीन किलोमीटर, आईसोबत बसत उठत दीड तास लागला आणि तिला अजिबात त्रास झाला नाही.

खरी मजा बाजार ओलांडल्यावर. शार्लोट लेककडे निघालो की दोन्ही बाजूंना जांभूळ, अंजनी, पिसा अशी झाडं, आणि हे जंगल बऱ्यापैकी सदाहरित असल्यामुळे भर उन्हाळ्यातही डोक्यावर सावली राहते, सह्याद्रीतल्या बाकीच्या उघड्याबोडक्या वाटांवर हे सुख कुठलं. फेब्रुवारी-मार्चकडे गेलात तर अंजनीच्या फांद्यांना चिकटून आलेली निळीजांभळी फुलं नक्की बघा, मला तर ती कुठल्याही पॉईंटपेक्षा जास्त आवडतात. तलावाच्या बाजूलाच पिसरनाथाचं देऊळ आहे, तिथे निवांत बसा. गावाला पाणी याच तलावातून जातं, म्हणून पाय धुणं, प्लास्टिक टाकणं कृपा करून नको.

तिथून पुढे एको पॉईंट आणि लुईझा पॉईंट. लुईझावरून समोर प्रबळगड दिसतो, सकाळी हवा स्वच्छ असेल तर फारच सुंदर. दरीच्या कडेला रेलिंगच्या पलीकडे फोटोसाठी जाऊ नका, जांभा दगड ठिसूळ असतो आणि ओला असला तर निसरडाही. लहान मुलं असतील तर इथे त्यांचा हात सोडायचा नाही.

बाकी महत्त्वाचं म्हणजे बूट. ग्रिपचेच हवेत, कारण इथली माती लाल आणि पावसात तिचा नुसता चिखल, कोरड्या दिवसांत धूळ, पांढरे कपडे घालून जाऊच नका, डाग निघत नाहीत. माझ्या मते पाऊस संपल्यावरचे दिवस, ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबर, सगळ्यात छान, धूळ बसलेली असते आणि झाडी ताजी. पावसाळ्यात जायचं असेल तर नेरळहून येणारी मिनी ट्रेन बंद असते हे धरून चाला. माकडं भरपूर आहेत, खाऊची पिशवी हातात दिसली की झडप घालतातच, सगळं सॅकमध्ये चेन लावून ठेवा आणि त्यांना काही खायला देऊ नका. घोडे मागून आले तर दरीच्या नाही, आतल्या बाजूला थांबा.

रविवारी पॉईंटवर गर्दी असते, जमलं तर मधल्या वारी जा, आणि परत फिरायची वेळ आधीच ठरवा. झाडीमुळे इथे अंधार लवकर जाणवतो, त्यात दस्तुरीपर्यंत पुन्हा चालायचं असतं आणि खाली नेरळला जाणाऱ्या टॅक्सीसाठी रांग लागते.