मुलाकडे जर्मनीला जाताय? अंमळनेरहून निघालेल्या एका जोडप्याचा अनुभव

आखाजी (अक्षय्य तृतीया) आटोपली आणि आम्ही दोघं निघालो. व्हिसाचं फार लांबवत नाही: १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. बीपी-शुगरच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या.

खरी लढाई बॅगेची. तूप, पेढे, खवा घरीच ठेवा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणू देत नाहीत. काळा मसाला, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ, बिबडे (ज्वारीचे पापड) खुशाल न्या. भरताची वांगीसुद्धा माल निरोगी असल्याच्या सरकारी प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. गंमत म्हणजे केळ्यांना त्या प्रमाणपत्रातून सूट आहे! रावेरकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

फ्रँकफुर्टला उतरल्यावर थंडीची तयारी होती, शांततेची नव्हती. पहिलाच दिवस रविवार. दुकानं बंद, रस्ता मोकळा, खिडकीत चिटपाखरू नाही. सौ. गॅलरीत उभी राहून म्हणाली, "आठे मानसं कोठे गयात?" माणसं घरातच होती. रविवारी भिंतीला ड्रिल लावणंसुद्धा तिथे चालत नाही. किराणा शनिवारीच भरा. अगदीच नड आली तर मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी असतात.

लोकल गाडीला फाटक नाही, कुणी अडवत नाही. म्हणून फुकट समजू नका. साध्या कपड्यातला तपासनीस मध्येच उभा राहतो आणि तिकीट नसेल तर ६० युरो घेतो. महिनाभर फिरायचं असेल तर ६३ युरोचं 'डॉइचलांड टिकेट' परवडतं (२०२६ चा दर). लोकल, बस, ट्राम सगळं त्यात, फक्त लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या नाहीत. मात्र ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं. पुढच्या महिन्यापासून नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करायला मुलाला सांगा.

नळाचं पाणी बिनधास्त प्या. हॉटेलात पाण्याचेही पैसे लागतात. प्लास्टिकच्या बाटलीवर बहुतेक वेळा २५ सेंट अनामत असते. सुपरमार्केटातल्या यंत्रात बाटली घाला, चिठ्ठी मिळते, ती गल्ल्यावर दाखवा. मला या यंत्राचा नादच लागला होता.

भरताशिवाय आमचं भागेना. शेगडी विजेची, वर काच, जाळाचं नाव नाही. वांगी काळीजांभळी, नगावर मिळतात. सौ.ने टोचे मारून ती ओव्हनमध्ये पूर्ण आचेवर ठेवली, साल सुरकुतून पाणी सुटेपर्यंत. मग मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. कपाशीच्या काड्यांवरच्या भाजणीचा वास कुठून येणार? पण कळण्याच्या भाकरीबरोबर उतरलं. फोडणी देताना मात्र खिडकी उघडी हवी, कारण घराघरात धूर ओळखणारी घंटा सक्तीची आहे आणि तिला आपली मिरची सोसत नाही.

शेजारच्या आजींना सौ.ने जिन्यातच "या ना चहाला" म्हटलं. मुलाने भाषांतर केल्यावर आजींनी डायरी काढली आणि पुढच्या गुरुवारचे चार वाजले लिहून घेतले. आपल्याकडे कुणी असं केलं तर भाव खातो म्हणतील. गुरुवारी चारला बेल वाजली, हातात घरचा केक. तळलेला बिबडा आधी उजेडाकडे धरून पाहिला, मग तीन खाल्ले. जिन्यात, लिफ्टमध्ये कुणी भेटलं की "हालो" म्हणा, तिथे ते लागतंच. आणि बिबड्यांची दोन पाकिटं जास्तीची न्या.