‘ट्रेड सेटल्ड’ दिसलं, पण पैसे कुठे? : माझा अनुभव

आधी कामाचं सांगते. पेमेंट कंपनीच्या एपीआयमध्ये (आपल्या प्रोग्रॅमने त्यांच्या यंत्रणेला माहिती विचारायची सोय) ‘ट्रेड सेटल्ड’, म्हणजे सौदा मिटला, असं दिसलं म्हणून अडत्याला पैशाची तारीख देऊ नका.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद निर्यात करणाऱ्या पेढीत मी हिशेब आणि कॉम्प्युटर दोन्ही बघते. जर्मनीचा ग्राहक युरोत पैसे भरतो, ते पेमेंट कंपनीकडे जमा होतात, तिथे युरो विकून रुपये होतात आणि मग आमच्या बँकेत येतात. केवायसी, एपीआय की, टेस्टिंग, सगळं विनातक्रार पार पडलं.

27 मार्च 2024 ला आम्ही युरो विकले. असा सौदा साधारण दोन कामकाजाच्या दिवसांनी मिटतो आणि ते दिवस दोन्ही चलनांच्या बाजूला चालू असावे लागतात. 29 ला गुड फ्रायडे, मग शनिवार-रविवार, 1 एप्रिलला ईस्टर मंडे म्हणून युरोचे बँकांमधले व्यवहार मिटवणारी युरोपची ‘टार्गेट’ यंत्रणा बंद. त्यात त्याच दिवशी आपल्या बँकांचं वार्षिक क्लोजिंग. म्हणजे सेटलमेंट 2 एप्रिलला. एपीआयच्या उत्तरात, म्हणजे रिस्पॉन्समध्ये, तारीख तशीच होती, त्यामुळे मालकांना, म्हणजे अण्णांना, मी आधीच कल्पना दिली होती. इथवर कुणाची चूक नाही.

2 तारखेला स्टेटस बदललं. ट्रेड सेटल्ड. अण्णांनी लगेच अडत्यांना फोन लावला, “उद्या पैसे सोडतो.” हळदीचा हंगाम, त्यात मार्चअखेरची बाकी; अडत्यालाही पुढे शेतकऱ्यांच्या पट्ट्या भागवायच्या असतात.

दुसऱ्या दिवशी खात्यात काही नाही. मी सौद्याचा नंबर टाकून विचारायची, उत्तर तेच, ट्रेड सेटल्ड. हेल्पडेस्कला लिहिलं, तर म्हणे, “आमच्या बाजूने सेटल आहे, बँकेत चौकशी करा.” बँकेत गेले. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, “यूटीआर नंबर आणा, लगेच शोधून देते.” त्यांचं बरोबरच होतं. पण यूटीआर, म्हणजे बँकेतून पैसे निघाले की त्या व्यवहाराला मिळणारा नंबर, रिस्पॉन्समध्ये कुठेच नव्हता. हेल्पडेस्कला मागितला, तर त्यांनी मलाच ‘सेटल्ड’चा स्क्रीनशॉट पाठवला! अण्णा टेबलाशी येऊन उभे. “अगं, काय झालं पैशाचं? यार्डात तोंड दाखवायचं कसं मी?” मला काय वाटलं असेल तुम्हीच विचार करा. स्क्रीनवर सगळं हिरवं, आणि दारात माणूस ताटकळत उभा.

खरी भानगड अशी की सौदा ही एक नोंद आणि बँकेत पैसे पाठवणं ही दुसरी. दोन्हींचे नंबर वेगळे, स्टेटसही वेगळं. ‘सेटल्ड’ म्हणजे युरो गेले आणि रुपये आले, पण आले ते कंपनीच्याच खात्यात. तिथून पुढे आमच्या बँकेकडे निघाले का, हे ते स्टेटस सांगतच नाही. हेल्पडेस्कवर बसलेल्या माणसाला एवढं माहीत नसावं, याचा मला अजून राग येतो.

मग पेआउटची, म्हणजे कंपनीकडून बँकेत पाठवायच्या रकमांची, यादी मागवली. सौद्याचा नंबर फिल्टरला दिला, तर रिकामी यादी आली. एररही नाही, नुसता 200 (‘विनंती ठीक’ असा कोड) आणि खाली काही नाही. 3 तारीख टाकली, तरी रिकामी. तेव्हा लक्षात आलं की त्यांच्या वेळा यूटीसीत आहेत, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री बारानंतर तयार झालेली नोंद त्यांच्याकडे आदल्या तारखेला पडते. 2 तारीख टाकून पानं उलटत गेले (एका पानावर 25 नोंदी देतात, पहिल्या पानावर थांबू नका), तेव्हा आमची रक्कम दिसली. स्टेटस ‘पेंडिंग’, कारणाचा रकाना कोरा.

तो पेआउट नंबर पाठवल्यावर पहिल्यांदा नीट उत्तर आलं: शिपिंग बिलाची (निर्यातीच्या वेळी कस्टम्सकडे भरतो तो कागद) प्रत हवी होती, म्हणून अडवलंय. मग मागायची होती ना! ना मेल, ना मेसेज. प्रत माझ्या फोल्डरमध्ये तयार होती, तिथल्या तिथे अपलोड केली. त्याच रात्री एनईएफटीने पैसे आले. डिसेंबर 2019 पासून एनईएफटी चोवीस तास चालते, त्यामुळे सकाळची वाट बघावी लागली नाही. मी लगेच अण्णांना फोन केला. त्यांनी अडत्यांना तेवढ्या रात्री कळवलं.

आता मी छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. तो सौदा आणि पेआउट दोन्हींचं स्टेटस विचारतो, वेळा आपल्या घड्याळात दाखवतो आणि यूटीआर आल्याशिवाय ‘जमा’ लिहीत नाही. अण्णा रोज सकाळी तोच कागद मागतात. तुम्हीही असं करणार असाल तर मिनिटा-मिनिटाला विचारत बसू नका, 429 (‘फार वेळा विचारलंत’ असा कोड) देऊन ते दार बंद करतात. वेबहुक, म्हणजे स्टेटस बदललं की कंपनीकडूनच आपल्या प्रोग्रॅमला निरोप यायची सोय, असेल तर तोच लावा. आणि शिपिंग बिल, इन्व्हॉइस सौद्याच्या दिवशीच चढवून ठेवा, कुणी मागो न मागो.

हो, एक राहिलं. पैसे आले की परकीय रक्कम मिळाल्याचा दाखला, एफआयआरए, त्याच आठवड्यात मागून घ्या. ई-बीआरसी (निर्यातीचे पैसे वसूल झाल्याचं ऑनलाइन प्रमाणपत्र) करताना लागतो, आणि तो मागायलाही याच हेल्पडेस्ककडे जावं लागतं.