उरलेलं पाणी कुणाच्या चारीला

दुपारी सव्वातीनला शिरपूरच्या एका कापसाच्या जिनिंगमधून मुनीमजींचा फोन आला. "भाऊ, नेट बंद पडी गयं. तीन गाड्या उभ्या शेतस." गाठी भरून ट्रक तयार, पण मालवाहतुकीचं ऑनलाइन ई-वे बिल निघेना आणि बिलाशिवाय गाडी फाटकाबाहेर जाईना.

मी धुळ्यात एका छोट्या इंटरनेट कंपनीत आहे. आधी केबल तुटली असं वाटलं, कारण आमच्याकडे जेसीबी आणि फायबरचं वैर जुनं आहे. पण लाइन चालू होती. पिंग मारले, म्हणजे लाइन तपासायचे छोटे निरोप पाठवले, तर दहापैकी दोन-तीन परत आले. राउटरवर त्यांच्या इंटरफेसची, म्हणजे जोडणीची, रांग पाहिली, तर जागा नाही म्हणून टाकून दिलेल्या पॅकेटांचा (डेटाच्या तुकड्यांचा) आकडा डोळ्यांदेखत पळत होता. आणि शनिवारपासून या गिऱ्हाइकाच्या लाइनला मी हातही लावला नव्हता!

हात लावला होता तो शेजाऱ्यांना. शिरपूरकडे जाणारा पोर्ट 400 एमबीपीएसचा. त्यावर व्हीलॅन करून, म्हणजे एकाच तारेचे कागदोपत्री वेगळे भाग पाडून, तीन लॉजिकल इंटरफेस: दवाखाना, कॉलेज आणि जिनिंग. प्रत्येकाला 200 ची कमाल मर्यादा. सगळे एकदम ओढायला लागले की वाटणी या मर्यादांच्या प्रमाणात व्हायची, म्हणजे साधारण 133 प्रत्येकी. कुणाची तक्रार नव्हती. शनिवारी दवाखान्याने जास्त पैसे भरून 100 ची हमी घेतली, म्हणजे गर्दीतही एवढं मिळायलाच हवं; कॉलेजने 20 ची. मी राउटरच्या सेटिंगमध्ये दोन ओळी टाकल्या, कमिट करून त्या लागू केल्या आणि घरी गेलो.

चूक तिथेच झाली. आमच्या राउटरवर पोर्टवरच्या एकालाही हमी दिली की वाटणीचा हिशेबच बदलतो. आधी हमीचं देणं चुकतं करायचं, मग उरलेलं हमीच्याच प्रमाणात वाटायचं. ज्याची हमी शून्य, त्याचा वाटाही शून्य. हमीचे 120 गेले, उरले 280. ते 100 ला 20 या प्रमाणात. दवाखाना 200 च्या मर्यादेला टेकला, राहिलेलं कॉलेजकडे वळलं आणि तेही 200 ला पोहोचलं. 400 संपले. जिनिंगला ठिबकही नाही.

तीन दिवस हे लपून राहिलं, कारण शेजारी ओढत नसले की मोकळी बँडविड्थ कुणालाही मिळते. त्या दुपारी दवाखान्याचा सर्व्हर बॅकअप उतरवत होता आणि कॉलेजच्या लॅबमध्ये सगळ्या कॉम्प्युटरना विंडोजचे अपडेट लागले होते.

आमचं मूळ गाव पांझरा नदीकाठचं, फडाचं, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटून घ्यायच्या पद्धतीचं. तिथे पाणी शेतकरी स्वतः सोडत नाही, पाटकरी सोडतो. कुठल्या शेताला किती, हे त्याला कुणीतरी नेमून द्यावं लागतं. मी माझ्या पाटकऱ्याला उरलेल्या पाण्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं, मग तो त्याच्या सवयीने वागला.

उरलेलं समान वाटायचं, अशी ओळ टाकली. 280 चे तीन भाग, 93 प्रत्येकी. दवाखाना 193, कॉलेज 113, जिनिंग 93. चार वाजता पहिली गाडी सुटल्याचा मुनीमजींचा फोन आला. तिघांना विचारल्याशिवाय वाटणी बदलली, हे साहेबांना मात्र मी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

त्याच सकाळी कॉलेजच्या लॅबवाल्या सरांचाही फोन आला होता. "काल दुपारी काय जबरदस्त स्पीड होता हो! आज काय बिघडवलंत?"