तुम्ही विचारलंत म्हणून : पोळीमुळे लोह अडते का?

इंदूरच्या एका महाविद्यालयातून जीवरसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यापासून मला एक प्रश्न वरचेवर विचारला जातो, आणि तो बहुधा भिशीत, पोह्यांची बशी हातात असतानाच येतो : ‘पोळी-भात कमी केला, तर लोह आणि कॅल्शियम अंगी लागेल का हो?’ कुणाचे तरी हिमोग्लोबिन कमी आलेले असते आणि दोष पिष्टमय पदार्थांवर गेलेला असतो. बशी रिकामी होईपर्यंत या प्रश्नाचे उत्तर देऊन होत नाही, म्हणून येथे लिहिते.

पिष्ट स्वतः लोहाची वाट अडवत नाही. अडवते ते धान्याच्या कोंड्यात आणि अंकुरात साठलेले फायटिक आम्ल. त्याच्या रेणूवर फॉस्फेटचे सहा गट असतात आणि ते लोह, जस्त व कॅल्शियम यांना इतके घट्ट धरतात, की त्यांतला बराच भाग लहान आतड्यात न शोषला जाता तसाच पुढे सरकतो. ही पकड सोडवणारे फायटेझ हे विकर (एन्झाइम) माणसाच्या आतड्यात नगण्य असते. म्हणून कोंड्यासकट दळलेल्या कणकेत खनिजे मैद्यापेक्षा पुष्कळ जास्त असली, तरी त्यांतली अंगी लागतात ती मात्र त्या प्रमाणात नाहीत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये मॅकॅन्स आणि विडोसन या आहारसंशोधकांनी निरोगी माणसांना आळीपाळीने पांढऱ्या आणि तपकिरी पावावर ठेवून पाहिले, तेव्हा तपकिरी पावावर कॅल्शियम कमी शोषले गेले. पुढे तिथल्या सरकारने ही तूट भरून काढायला पावाच्या पिठात चक्क खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, पूड मिसळायला लावली. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण इराणमधले आहे. मूळचे बिहारचे असलेले डॉ. आनंद प्रसाद यांना शिराझ येथे वाढ खुंटलेले, रक्तक्षय झालेले तरुण आढळले. 1961 साली त्यांनी त्याविषयी लिहिले आणि या लक्षणांमागे जस्ताची कमतरता असावी असा तर्क मांडला. हे तरुण मुख्यतः न आंबवलेल्या, म्हणजे आपल्या पोळीच्याच जातीच्या, गव्हाच्या रोटीवर जगत होते. ते मांस फारसे खात नव्हते आणि माती खात होते, हेही सांगायला हवे. नाहीतर उद्या भिशीत कुणी पोळी सोडायची आणि वर माझे नाव सांगायची.

मर्म ‘न आंबवलेल्या’ या शब्दात आहे. धान्यात आणि कडधान्यात फायटेझ मुळातच असते. त्याला ओल, ऊब आणि किंचित आंबटपणा मिळाला की ते कामाला लागते, आणि तव्यावरच्या आचेत ते नष्ट होते, त्यामुळे जे साधायचे ते शिजवण्यापूर्वी साधावे लागते. माझ्या सासूबाई मटकी रात्रभर भिजवून ओल्या पंचात बांधून ठेवीत, तेव्हा त्या हेच करीत होत्या. आपल्या पोह्यांबरोबर येणारी जिलबीही आंबवलेल्या पिठाची असते, पण तो मैदा. तेथे सोडवण्याजोगे फारसे काही नसते, तेव्हा जिलबीचे समर्थन माझ्याकडून मागू नका. पोह्यांवरचे लिंबू मात्र खरोखर उपयोगाचे आहे, कारण क जीवनसत्त्व लोहाला शोषण्याजोग्या रूपात ठेवते आणि फायटेटचा, म्हणजे त्या फायटिक आम्लाचा, अडथळा बराच कमी करते. त्यावर लगेच घेतलेला चहा ती कमाई पुष्कळशी घालवतो.

काही कर्बोदके तर खनिजांना हात देतात. आतड्याच्या भिंतीवरचे एक वाहक प्रथिन ग्लुकोज आत नेताना त्याच्याबरोबर सोडियमही नेते, आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते. ही जोडी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली मांडली. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-साखरेचे द्रावण पाजून जे प्राण वाचवले, त्यामागे हीच यंत्रणा होती. आजच्या प्रमाणित जलसंजीवनीत एका लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असते. अधिक गोड केल्याने गुण वाढत नाही, उलट जुलाब वाढू शकतात.

कांदा-लसणातले इन्युलिन हे तंतुमय कर्बोदक लहान आतड्यात पचत नाही. ते मोठ्या आतड्यातले जिवाणू खातात, त्यातून आम्ले तयार होतात आणि त्या आम्लतेत उरलेले कॅल्शियम विरघळून थोडेफार शोषले जाते. कोवळ्या वयातल्या मुलामुलींना रोज 8 ग्रॅम इन्युलिनवर्गीय तंतू दिल्यावर कॅल्शियमचे शोषण वाढल्याचे दिसले आहे. फोडणीतल्या कांद्यातून मात्र एवढे मिळत नाही.

एकादशीच्या सुमारास साबुदाण्याचा प्रश्न हमखास येतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट : त्यात अडवणारे फायटेट नसल्यासारखेच, आणि अडवण्याजोगे लोहही नसल्यासारखेच. खिचडीतून जे काही मिळते ते दाण्याच्या कुटातून, आणि त्या कुटात फायटेट असतेच, म्हणून खिचडीवर लिंबू मीही पिळते.