तुम्ही विचारलंत म्हणून : आधी रात्रीचे बोलू

खासगी कंपनीतील नोकरी, मुलाचे बारावीचे वर्ष आणि अंथरुणाला खिळलेली आई, हे सारे करताना तुम्ही स्वतःची तब्येत कशी सांभाळता, असे मला पुष्कळ जण विचारतात. आहार-व्यायामाविषयी ऐकण्याची त्यांची तयारी असते. मी मात्र झोपेविषयी सांगते.

पक्षाघातानंतर आईला आपली आपण कूस बदलता येत नाही. एकाच जागी दाब राहिला की त्वचेचा रक्तपुरवठा घटतो आणि माकडहाडापाशी, टाचांना बेडसोअर, म्हणजे दाबाने पडणाऱ्या जखमा, होतात; म्हणून साधारण दर दोन तासांनी तिला वळवावे लागते, आणि हवेची गादी असली तरी ते चुकत नाही. जिला रात्रभर असे उठायचे आहे आणि सकाळी कामावर हजर व्हायचे आहे, तिला पहाटे फिरायला जाण्याचा सल्ला देणे मला निर्दयपणाचे वाटते. अपुऱ्या झोपेने रक्तदाब आणि साखर वाढण्याचा धोका असतो. त्यातून पाळी जाण्याच्या वयात झोप आधीच चाळवलेली असते. म्हणून भावाकडे मी पैशांच्या आधी रात्री मागितल्या. शनिवार-रविवारी तो मुक्कामाला येतो आणि आठवड्यातील काही रात्री मावशी असतात. त्यांचा पगार धाकटी बहीण पाठवते, आणि तिचा तो वाटा मी मुळीच कमी लेखत नाही. आईला वर सरकवायचे असेल तेव्हा आम्ही दोघे जण तिच्या अंगाखालची चादर दोन्ही बाजूंनी धरतो. एकटीने काखेत हात घालून ओढले, तर तिचा खांदा आणि आपली कंबर दोन्ही दुखावतात.

तपासणीचे म्हणाल, तर आईचे रक्त न्यायला लॅबचा मुलगा येतो तेव्हा मीही माझे देते. रक्तदाब १४०/९० च्या पुढे गेला तरी बहुधा काहीच जाणवत नाही, आणि आईला तो विकार असल्याने मला धोका अधिक आहे.

राहिली रजा. बाळंतपणासाठी मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. आईवडिलांचा सांभाळ ही मुलांची जबाबदारी असल्याचे २००७ चा कायदा सांगतो. पण त्यांच्या आजारपणासाठी खासगी नोकरीत वेगळी रजा कोणताही केंद्रीय कायदा देत नाही. निदान आमच्या कंपनीने ती द्यावी, असा अर्ज मी व्यवस्थापनाकडे दिला आहे आणि आणखी काही सहकाऱ्यांनी त्यावर सह्या केल्या आहेत.