फुलाची मागची बाजू

"सर, मराठवाड्यातली रानफुलं ओळखायला एकच चांगलं पुस्तक सांगा." आर्द्रा बरसल्या की हा प्रश्न सुरू होतो, तो दसऱ्यापर्यंत थांबत नाही. मी लगेच नाव सांगत नाही. कुठे हिंडणार, भिंग आहे का, तरवड आणि तरोटा वेगळे सांगता येतात का, असं उलट विचारतो. मग "सर टाळतात", "सरांना सगळं स्वतःजवळच ठेवायचंय" असं कानावर येतं. ते लागतं. म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो.

टाळत नाही. असं एकच पुस्तक नाही, हेच खरं उत्तर आहे. ते का नाही हे कळल्याशिवाय घेतलेलं पुस्तक दुसऱ्या पावसाळ्यात कपाटात जातं.

आपली अडचण जुनी आहे. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा थिओडोर कुक यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. पश्चिम महाराष्ट्रातल्या अभ्यासकाला तो आजही लागतो. पण तेव्हा मराठवाडा इलाख्यात नव्हता, निजामाच्या राज्यात होता, आणि १९४८ पर्यंत तिथेच राहिला. पुढे रंगीत फोटोंची पुस्तकं आली, त्यांचा ओढाही घाटाकडे. श्रीकांत इंगळहळीकरांचं 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' मनापासून केलेलं पुस्तक आहे, पण त्याचा मुलूख त्याच्या नावातच आहे. ते घेऊन बीडच्या मुरमाड माळावर उतरलात तर पुष्कळ फुलं सापडतील, कारण साधी फुलं दोन्हीकडे तीच आहेत. जे फूल त्यात नाही त्याच्या जागी मात्र त्याच्यासारखं दिसणारं दुसरं सापडेल. धोका तिथे आहे.

मराठवाड्याचा स्वतःचा ग्रंथ आहे. डॉ. व्ही. एन. नाईक यांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा', १९९८ सालचा, दोन खंडांत. त्याआधी १९७९ मध्ये त्यांनी उस्मानाबाद जिल्ह्याचा केला होता. अशा ग्रंथाला, म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींची वर्णनं देणाऱ्या ग्रंथाला, फ्लोरा म्हणतात. वर्षानुवर्षं मी येईल त्याला "नाईकांचा फ्लोरा घ्या" एवढंच सांगत आलो. ते चुकलं. फ्लोरा 'की' धरून वाचायचा असतो: दर पायरीला दोन पर्याय, त्यातला एक निवडायचा आणि पुढे जायचं. पानं समोरासमोर की एकाआड एक, पाकळ्या सुट्या की जुळलेल्या, बीजांडकोश पाकळ्यांच्या वर की खाली. पहिल्या दोन पायऱ्या जमतात, तिसरीला शब्दच अडतो, आणि माणूस पुस्तक मिटतो ते कायमचं. असे किती जण माझ्या सल्ल्यामुळे सुटले असतील, हे आठवलं की वाईट वाटतं. पण तेव्हाचा मी आजच्या मला विचारेल, अवघड आहे म्हणून सोपं आणि चुकीचं हातात द्यायचं का? याचं नीट उत्तर माझ्याकडे अजून नाही.

आता पुस्तक कसं पारखायचं ते सांगतो, कारण दुकानात मी तुमच्या सोबत नसतो. तुम्हाला लहानपणापासून पक्की माहीत असलेली पाच झाडं मनात धरून जा. तरवड, तरोटा, रुई, केना, कळलावी धरा. पुस्तकात ही पाच काढा आणि त्याला प्रश्न विचारा.

तरवड आणि तरोटा दोघांची फुलं पिवळी, दोघांची पानं संयुक्त, म्हणजे एका देठावर छोट्या पर्णिकांच्या जोड्या. चांगलं पुस्तक पर्णिकांच्या जोड्या मोजून देईल आणि ग्रंथी कुठे आहेत ते सांगेल. तरवडाच्या प्रत्येक जोडीमध्ये देठावर बारीक उभी ग्रंथी असते आणि पानाच्या बुडाशी कानासारखी रुंद उपपर्णं असतात. तरोट्याला पर्णिकांच्या तीनच जोड्या. आपण ज्याला सरसकट तरोटा म्हणतो त्यात दोन जाती आहेत: एकीत फक्त खालच्या जोडीमध्ये ग्रंथी, दुसरीत खालच्या दोन जोड्यांमध्ये. एवढं ज्या पुस्तकात आहे ते लिहिणाऱ्यानं झाड हातात धरलेलं आहे. "सुंदर पिवळी फुले, सर्वत्र आढळते" एवढंच असेल तर ठेवून द्या, फोटो कितीही देखणा असो. जुन्या पुस्तकात ही दोन्ही झाडं 'कॅसिया' नावाखाली असतील, नव्यात 'सेना' नावाखाली. ती चूक नव्हे. पण सूचीत जुनं नावही दिलेलं असेल तर ते पुस्तक दहा वर्षं उपयोगी पडेल.

रुईच्या दोन जातींत पाकळ्या बघा. एकीच्या उभ्या राहतात आणि टोकाशी जांभळ्या असतात, दुसरीच्या पसरून मागे वळतात. फोटो नुसता वरून घेतलेला असेल तर हे दिसणारच नाही. केन्याचं निळं फूल दुपारपर्यंत मिटतं, मग उरतं ते फुलाखालचं होडीसारखं छद, म्हणजे पानासारखं आवरण. त्याच्या कडा बुडाशी जुळून नरसाळं झालंय की शेवटपर्यंत सुट्या आहेत, यावरून जात ठरते. पुस्तकात छदाचा उल्लेख नसेल तर दुपारनंतर त्याचा उपयोग नाही.

कळलावी ही रंगाची परीक्षा. बाजारातली पुष्कळ पुस्तकं फुलांच्या रंगानं लावलेली असतात आणि नवख्याला ती सोयीची वाटतात. कळलावीचं फूल उमलताना हिरवट पिवळं असतं, मग नारिंगी, शेवटी लाल. गोकर्ण निळं तसं पांढरंही. पुस्तकाचे रंग-विभाग असू द्या, पण एकाहून जास्त विभागांत उल्लेख आहे का ते बघा. आणि पानांचा फोटो हवाच. कोळकांदा उन्हाळ्यात पानांवाचून फुलतो, पावसाळ्यात पानं येतात तेव्हा फूल नसतं. फुलाचाच फोटो देणाऱ्या पुस्तकाला जूनमधला कोळकांदा कधीच सापडणार नाही.

आता टारफुल्याचं सांगतो. मी फोटोवरून नाव का सांगत नाही, याचं कारण तिथे आहे.

एका गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीचं, म्हणजे गावातल्या झाडाझुडपांच्या आणि प्राण्यांच्या नोंदीचं, काम चालू होतं. खरिपाच्या ज्वारीतून एका विद्यार्थिनीनं फोटो पाठवला: वीतभर उंचीचं झाड, अरुंद खरखरीत पानं, छोटी पांढरी फुलं. टारफुला, यात शंका नव्हती. ज्वारीच्या मुळांतून अन्न शोषणारं हे झाड मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला कुणी दाखवावं लागत नाही. मी शास्त्रीय नाव सांगितलं, स्ट्रायगा एशियाटिका. माझ्याजवळच्या रंगीत पुस्तकात हेच नाव होतं, फोटोही हुबेहूब होता. तिनं ते नोंदवहीत लिहिलं, दाबून सुकवलेल्या नमुन्याच्या लेबलवर लिहिलं, आणि चार जाणकारांसमोर माझ्या भरवशावर तेच नाव ठामपणे सांगितलं. त्यांच्यातल्या एकानं नमुना भिंगाखाली धरला आणि तिला निदलपुंजावरच्या धारा मोजायला सांगितल्या. पाच निघाल्या. तिनं पुन्हा मोजल्या. पाचच.

टारफुल्याची जात फुलाच्या तोंडावर लिहिलेली नसते. ती फुलाच्या मागे, पाकळ्यांच्या नळीला धरून असलेल्या हिरव्या निदलपुंजावर असते. त्याच्या वरच्या कडेला दाते असतात आणि अंगावर उभ्या धारा, म्हणजे उंचवट्याच्या रेषा. पाच असतील, म्हणजे दर दात्याला एक, तर स्ट्रायगा डेन्सिफ्लोरा. दात्यांच्या मधल्या खाचांकडे जाणाऱ्या आणखी पाच मिळून दहाच्या आसपास असतील तर एशियाटिका. दर दात्याला तीन, अशा पंधरा असतील तर अँगुस्टिफोलिया. तिघींचीही फुलं आपल्याकडे सहसा पांढरी. एशियाटिका आफ्रिकेत लाल फुलते, म्हणजे रंगाचा आधारही गेला. निदलपुंज सगळा मिळून काही मिलिमीटरचा. धारा मोजायच्या तर दहापट भिंग डोळ्याला चिकटवून धरायचं आणि फूल भिंगाजवळ आणायचं, साधारण अडीच सेंटिमीटरवर. भिंग फुलाजवळ नेलंत तर नजर ठरत नाही. उजेड फुलावर पडेल असं उभं राहायचं, फूल बोटांत सावकाश फिरवायचं आणि जिथून मोजायला सुरुवात केली त्या धारेला सुईनं खूण करायची. नाहीतर पाचाच्या सहा होतात.

माझ्या पुस्तकात एकच टारफुला होता. त्यात दुसरा नव्हता म्हणून जगातही दुसरा नाही, असं मी धरून चाललो. पुस्तकाची ती चूक नव्हती. मर्यादित जाती देणार, असं ते प्रस्तावनेतच सांगत होतं, आणि प्रस्तावना मी वाचलेली नव्हती. नाईकांचे दोन खंड हाताशी होते. उघडले नाहीत. फोटो स्पष्ट होता, घाई होती, आणि मला खात्री होती. त्या मुलीचा चेहरा मला अजून दिसतो.

म्हणून पुस्तक घेताना आधी प्रस्तावना वाचा. किती जाती दिल्यात, कुठल्या भागातल्या, काय गाळलंय, हे त्यात असतं. प्रत्येक फुलाखाली "याच्यासारखं दिसणारं" अशी ओळ आहे का ते बघा. ज्या पुस्तकात ही ओळ नाही त्यानं दिलेलं नाव मी आता पेन्सिलनं लिहितो.

फोटो पाठवणार असाल तर एक पुरत नाही. पूर्ण झाड जमिनीसकट, पानांची मांडणी, पानाची मागची बाजू, फूल समोरून, फूल बाजूनं, फूल मागून, फळ असेल तर फळ, आणि एकात तरी शेजारी पट्टी. सोबत चार शब्द: काळी जमीन की बरड, धुरा की ओढा, देठ मोडल्यावर चीक येतो का, वास कसा. चिकाचं महत्त्व कमी समजू नका. घोळ खुडताना देठातून पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, शेजारचं दुधी नावाचं तण आहे. भाजीत घालू नका. नमुना सुकवायचा तर वर्तमानपत्र पहिले तीन-चार दिवस रोज बदला, पावसाळी हवेत एक दिवस चुकला तरी बुरशी येते. केना, घोळ अशी रसाळ झाडं दाबल्यावरही जिवंत राहतात. ती आधी क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून घ्यावी लागतात. रंग त्याच दिवशी लिहून ठेवा, सुकल्यावर तो राहत नाही. गौताळा, नायगाव, येडशी-रामलिंग अशा अभयारण्यांत मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय काही तोडू नका.

मोबाइलमधली ॲप वापरा. कुल कळायला बरी आहेत. धारा ती मोजत नाहीत.

राहिला गावठी नावांचा वाद. "पुस्तकात मराठी नावं हवीतच," असं तुम्ही म्हणता, आणि मी इतकी वर्षं वैतागून नको म्हणत आलो. शंखपुष्पी म्हटलं की कुणी विष्णुक्रांता दाखवतो, कुणी गोकर्ण, कुणी तिसरंच. एकदांडी, दगडीपाला आणि कंबरमोडी ही तीन फुलं समजून लोक तीनदा विचारतात, झाड एकच. पुस्तकात एकच मराठी नाव छापलं तर बाकीच्या गावांचा वाचक आपलं फूल त्यात नाही असं समजतो. म्हणून शास्त्रीय नाव शिका, हा माझा आग्रह.

पण टारफुल्याचा तो नमुना समोर आला की आग्रह ढिला पडतो. वनस्पती-संग्रहात चुकीचं लेबल फाडत नाहीत. ते तसंच ठेवून त्याच कागदावर नवी चिठ्ठी चिकटवतात, तारीख आणि नाव घालून. त्या कागदावर आता दोन्ही शास्त्रीय नावं आहेत, एक माझ्या सांगण्यावरून लिहिलेलं, एक दुरुस्त केलेलं. खाली मुलीनं शेतमालक आजींना विचारून लिहिलेला शब्द आहे, टारफुला. तो बदलावा लागला नाही. आजींना जाती वेगळ्या करायच्या नव्हत्या, ज्वारी वाचवायची होती, आणि त्यासाठी तो शब्द पुरेसा होता. मग मराठी नाव अपुरं, की मी त्याला भलताच प्रश्न विचारत होतो? मला ठरवता आलेलं नाही.

तरी नाव हवंच असेल तर हे घ्या. नुकती सुरुवात असेल तर वर सांगितलेल्या पाच झाडांच्या परीक्षेत टिकेल ते कुठलंही फोटोंचं पुस्तक, आणि त्याच दिवशी दहापट भिंग. एक पावसाळा तेवढ्यावर काढा. दुसऱ्या वर्षी ग्रंथालयात नाईकांचा फ्लोरा मागा आणि तरवड, जो तुम्हाला आधीच माहीत आहे, त्याच्यावर की चालवून बघा. उत्तर माहीत असलं की कुठल्या पायरीला चुकलो ते दिसतं. अडलात तर फोटो पाठवा, मागच्या बाजूचाही.