घोडागाडीवाल्याची पोर आणि जर्मनी

आमच्या अलिबागला घोडा म्हणजे ओहोटीला कुलाबा किल्ल्यावर माणसं नेणारी घोडागाडी. आतेभावाची एक आहे. त्याच्या पोरीला मात्र अडथळ्यांवरून उड्या मारायच्यात. "आत्या, त्यासाठी जर्मनीलाच जावं लागतं का गं?"

प्रश्न रास्त. २०२३ साली हांगझोऊला सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली सफाईने करून घेण्याच्या प्रकारातलं, सांघिक सुवर्ण जिंकलं. एशियाडच्या घोडेस्वारीत भारताचं १९८२ नंतर पहिलंच! पण त्यांची तयारी झाली युरोपात, घोडेही तिकडचेच. घोड्यांच्या रोगांमुळे भारतातून घोडा थेट युरोपला नेणं महाकठीण. २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी केंद्राला रोगमुक्त म्हणून जागतिक मान्यता मिळाली, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं.

मला खरी भावते ती एफईआयची, म्हणजे लोझानच्या जागतिक संघटनेची, जंपिंग वर्ल्ड चॅलेंज. अडथळ्यांचे ठरलेले आराखडे देशोदेशी जातात. जो तो आपल्याच मैदानावर तेच उभे करतो, घरच्या घोड्यांवर उड्या मारतो आणि निकाल एकत्र लागतो. घोडं विमानात चढवायला नको. (आमचं तर मांडव्याच्या बोटीतही चढणार नाही.)

पोरीला हेल्मेट मी घेऊन देणार आहे. पुळणीवर दोन बांबू आडवे टाकून सुरुवात करू म्हटलं, तर भाऊ म्हणतो, "शनिवार-रविवार धंद्याचा, उड्या सोमवारी!"